शोध कारागिराचा, कागद कोणाचा?

गेल्या महिन्यात आमच्या दुकानी एक तरुण आला. वडील पॉवरलूमचे जॉबर, हा स्वतः आय.टी.आय. शिकलेला. पिशवीतून लोखंडाची एक लहानशी जोडणी काढून त्याने गादीवर ठेवली. माग चालू असताना साडीची किनार आत ओढली जाते, ती ओढली जाऊ नये, अशी तिची करामत. दोन वर्षे रात्री जागून बनवली म्हणाला. सुरतेच्या एका यंत्रवाल्याचा निरोप आला होता की, आधी आमच्या शेडमध्ये चालवून दाखव, पसंत पडली तर पुढचे बोलू. ‘चाचा, जाऊ का?’ असे त्याने विचारले.

मी म्हणालो, ‘बेटा, आधी ही वस्तू पिशवीत ठेव.’ त्याला वाटले चाचा रागावले. रागावलो नव्हतो, मला २००३ साल आठवले होते.

त्या वेळी आमच्या पेठेत एक जॉबर होते, सारे त्यांना उस्ताद म्हणत. कांडी भरण्याच्या यंत्राला त्यांनी एक जोड बसवला होता. त्याने सूत वाया जाणे कमी झाले. एका वर्कशॉपवाल्याशी त्यांची गाठ मीच घालून दिली. विकल्या जाणाऱ्या दर नगामागे उस्तादांना काही रक्कम मिळावी असे ठरले. उस्तादांनी मला हळूच विचारले, ‘लिहून घेऊ का?’ मी म्हणालो, ‘उस्ताद, जबान झाली आहे, मी मध्ये आहे, कागद कशाला?’ सहा महिने पैसे आले, मग थांबले. वर्कशॉपवाला म्हणू लागला की, हा जोड तर आता गल्लोगल्ली बनतो, मग पैसे एकट्या माझ्याकडूनच का? शिवाय दर नगाचे काही ठरलेच नव्हते, मी एकरकमी देऊन मोकळा झालो. साक्षीदार मी एकटा. आणि रक्कम नेमकी किती, किती वर्षांसाठी, हे मलाही छातीठोक सांगता येईना. उस्ताद मला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्यांचे ते न बोलणे आजही टोचते.

उस्तादांचे नुकसान एक नव्हे, दोन प्रकारचे होते. शोधावरचा हक्क त्यांनी कधी नोंदवलाच नाही, म्हणून गल्लीतल्या बाकीच्या वर्कशॉपांना ते अडवू शकले नाहीत. आणि ज्या एका माणसाशी बोलणे झाले होते त्याचा करार कागदावर नव्हता, म्हणून त्यालाही धरता आले नाही. ही दोन वेगवेगळी कुलुपे आहेत. पेटंट साऱ्या जगाला अडवते, करार फक्त सही करणाऱ्याला. नव्या कारागिराच्या मनात या दोन्हींची गल्लत होते, आणि बहुतेक तंटे तिथूनच सुरू होतात.

लँकेशायरचे चार कारागीर

हे दुखणे आपल्या पेठेतलेच आहे असे कोणी समजू नये. कापडाच्या साऱ्या धंद्याचा पायाच अशा तंट्यांवर उभा आहे. अठराव्या शतकात इंग्लंडच्या लँकेशायर भागात ज्यांनी माग आणि चरखा बदलून टाकला, त्या चौघांची हकिगत प्रत्येक जॉबरला ठाऊक असायला हवी.

जॉन के यांनी १७३३ साली झटक्याने उडणाऱ्या धोट्याचे पेटंट घेतले. आपल्या मागावरचा धोटा त्याच्याच वंशातला. पेटंट पक्के होते, परंतु माल बनवणाऱ्यांनी धोटा वापरला आणि पैसे देण्याचे नाकारले. एवढेच नव्हे, तर कोर्टाचा खर्च आपसात वाटून घेण्यासाठी त्यांनी मंडळ्या काढल्या. दावे लढता लढता के कफल्लक झाले, फ्रान्सला निघून गेले आणि तिथेच हलाखीत वारले.

जेम्स हारग्रीव्ह्ज यांनी एका चाकावर अनेक चात्या फिरवणारी ‘जेनी’ बनवली. पेटंट घेतले १७७० साली, पण त्याआधीच पोट भरण्यासाठी काही यंत्रे विकून टाकली होती. नक्कल करणाऱ्यांवर दावा लावला तेव्हा समोरच्यांनी ३,००० पौंड देऊ केले होते असे सांगितले जाते; यांनी ते कमी म्हणून नाकारले. पुढे त्यांच्याच वकिलाला कळले की पेटंटआधी विक्री झालेली आहे, आणि दावा सोडून द्यावा लागला.

तिसऱ्यांची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते, कारण ती आमच्या उस्तादांचीच गोष्ट आहे. सॅम्युअल क्रॉम्प्टन, बोल्टन गावचे. पाच वर्षे खपून १७७९ साली त्यांनी ‘म्यूल’ नावाचे यंत्र पुरे केले. त्यावर इतके बारीक आणि मजबूत सूत निघू लागले की ज्या मलमलीसाठी तोवर हिंदुस्थानकडे पाहावे लागे, ती तिथेच विणता येऊ लागली. सूत कसे निघते हे पाहण्यासाठी लोक शिड्या लावून खिडकीतून डोकावू लागले. पेटंटसाठी पैसा नाही आणि गुपित राखणे अशक्य, अशा कोंडीत कारखानदारांनी सांगितले की, यंत्र सर्वांसाठी खुले करा, आम्ही वर्गणी करून तुम्हाला भरपाई देतो. एका कागदावर सुमारे ८० जणांनी आपापल्या रकमा मांडून सह्या केल्या. क्रॉम्प्टननी यंत्र आधी दाखवले. वसुलीला गेले तेव्हा सही केलेल्यांपैकी कित्येकांनी हात वर केले. हातात आले साठ-सत्तर पौंड. १८११ साली ते स्वतः गावोगाव फिरून मोजणी करून आले. त्यांच्या यंत्राच्या चाळीस लाखांहून अधिक चात्या फिरत होत्या. १८१२ मध्ये पार्लमेंटने त्यांना ५,००० पौंड मंजूर केले. १८२७ साली ते वारले तेव्हा त्यातले फारसे काही उरले नव्हते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. क्रॉम्प्टनजवळ कागद होता, सह्याही होत्या. चुकला तो क्रम. दाखवल्यानंतर त्यांच्याजवळ विकण्यासारखे काही उरलेच नाही.

चौथे रिचर्ड आर्कराइट, मूळ धंदा हजामतीचा आणि केसांचे टोप बनवण्याचा. त्यांचे १७७५ चे पेटंट कोर्टाने १७८५ साली रद्द केले. शोध दुसऱ्यांचा असल्याच्या साक्षी झाल्या आणि यंत्राचे वर्णन मुद्दाम अस्पष्ट लिहिल्याचे ठरले. तरीही चौघांत पैसा झाला तो यांचाच, कारण तोपर्यंत त्यांच्या गिरण्या उभ्या राहिल्या होत्या. यातून ज्याने त्याने जे घ्यायचे ते घ्यावे.

आज आपल्याकडे कायदा काय म्हणतो

आपल्याकडे पेटंटचा कायदा १९७० चा आहे, त्यात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे. शोध नवा हवा, जाणत्या कारागिराला सहज सुचणारा नको, आणि धंद्यात वापरता येण्याजोगा हवा. एकाच गोष्टीवर दोघांचे अर्ज आले तर ज्याची तारीख आधीची त्याचा मान आधी. म्हणून तारीख हीच खरी दौलत.

ही तारीख मिळवण्यासाठी सारे काही तयार असावे लागत नाही. शोध काय आहे, कसा चालतो, एवढे सांगणारे तात्पुरते विवरणपत्र आधी देता येते. त्यानंतर १२ महिन्यांच्या आत संपूर्ण विवरणपत्र दिले नाही तर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. एकट्या कारागिरासाठी किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. पुढे ३१ महिन्यांच्या आत तपासणीची वेगळी मागणी करावी लागते, तिचे ४,००० रुपये. पेटंट एजंटची फी याहून पुष्कळ अधिक असते हे खरे. स्वतः अर्ज करण्याची मुभा आहे, पण संपूर्ण विवरणपत्र लिहिणे हे वकिली आणि मिस्त्रीकाम दोन्ही एकत्र जाणणाऱ्याचे काम आहे. तिथे पैसे वाचवू नयेत. महाराष्ट्र, गुजरात, गोवा यांच्यासाठी पेटंट कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे.

अर्जाआधी वस्तू विकली, प्रदर्शनात मांडली, किंवा कोणत्याही बंधनाशिवाय दुसऱ्याच्या शेडमध्ये चालवली, तर शोध नवा राहिला नाही असा आक्षेप घेता येतो. कायद्यात थोडी सवलत आहे. ज्या यंत्राची चाचणी उघड्यावर करणे भागच असते, त्याची वाजवी चाचणी अर्जाआधीच्या एका वर्षात केली असेल तर ती चालते. पण चाचणी कुठे संपली आणि धंदा कुठे सुरू झाला, यावर कोर्टात वर्षानुवर्षे वाद चालतो. त्या सवलतीच्या भरवशावर कोणी सुरतेची गाडी पकडू नये.

आपल्या लोकांत आणखी एक समजूत आहे. मुद्रांकावर शोधाचे वर्णन लिहून नोटरी केले, किंवा स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पत्र टाकून ते बंद ठेवले, की हक्क आपला झाला. त्याने फार तर अमुक तारखेला ही कल्पना तुमच्याजवळ होती एवढे दाखवता येईल. नक्कल करणाऱ्याला थांबवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. तसेच अर्ज केला म्हणजे पेटंट मिळाले असेही नव्हे. दावा लावता येतो तो पेटंट मंजूर झाल्यावर. मंजुरीआधीच मालावर ‘पेटंट’ असे छापणे तर दंडास पात्र आहे.

आता कटू बोलतो. माझ्या अंदाजाने आपल्या कारखान्यांतल्या बहुतेक जोडण्या पेटंटच्या कसोटीला उतरणार नाहीत. आधीच माहीत असलेल्या दोन वस्तू शेजारी शेजारी बसवल्या आणि प्रत्येक आपापले जुनेच काम करत राहिली, तर कायदा त्याला शोध मानत नाही. मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्यांचा एक खटला प्रसिद्ध आहे. लेथवर भांडे घट्ट धरून ठेवण्याच्या युक्तीचे पेटंट एका कारखान्याने १९५१ साली अर्ज करून मिळवले होते. दुसऱ्याने तीच रीत वापरली म्हणून दावा झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७८ साली निकाल लागला की ही निव्वळ वर्कशॉपमधली सुधारणा आहे, शोध नव्हे. पेटंट गेले, आणि तोवर पंचवीसेक वर्षेही गेली. म्हणून अर्जाआधी जुनी पेटंटे शोधून पाहावीत. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर हा शोध फुकट घेता येतो.

ज्यांची कारागिरी यंत्रात नसून नक्षीत आहे त्यांच्यासाठी रस्ता वेगळा आहे. साडीची किनार, बुट्टा, छापील नमुना यांची नोंदणी २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली होते. मुदत १० वर्षे, आणि अर्ज केल्यास आणखी ५. एकट्या कारागिरासाठी फी १,००० रुपये. इथेही नमुना नोंदणीआधी बाजारात गेला की संपले. आजकाल ताज्या नमुन्याचा फोटो संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जातो आणि सकाळी नोंदणीची चौकशी सुरू होते! काही जण म्हणतात, चित्र मी काढले, कॉपीराइट माझाच आहे. तर कॉपीराइट कायद्याच्या १५ व्या कलमात असे आहे की, जो नमुना डिझाइन म्हणून नोंदवता आला असता पण नोंदवला नाही, त्याच्या यंत्रावर ५० हून अधिक प्रती निघाल्या की त्यावरचा कॉपीराइट संपतो. मागावर पन्नास साड्या निघायला कितीसा वेळ लागतो ते मी सांगायला नको.

कराराची बाजू

आता दुसरे कुलूप. तोंडी करार आपल्या कायद्यात बेकायदा नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तोही करारच. अडचण सिद्ध करण्याची आहे. पेटंटच्या बाबतीत मात्र तोंडी चालतच नाही. पेटंटचे हस्तांतरण किंवा परवाना लेखी दस्तऐवजाशिवाय वैध होत नाही, आणि तो कागद पेटंट कार्यालयात नोंदवून घ्यावा लागतो.

आपल्याकडे कागद मागणे म्हणजे समोरच्याच्या इमानावर शंका, असे मानले जाते. मीही तसेच मानत होतो. पण उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणारा तटस्थ असावा, साक्षीदार ठेवावेत, ही ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि कुरआनातील सर्वांत लांब आयत तीच. हातोहात होणाऱ्या नगदी व्यवहाराला तिथे सवलत आहे. आता दर नगामागे अमुक रुपये, ते पुढची दहा वर्षे, हा व्यवहार नगदी कसा म्हणावा? ती दहा वर्षांची उधारीच आहे. मग लिहायला लाज कसली?

शोध दाखवण्याआधी गोपनीयतेचा करार हवा. अर्धे पान पुरते: काय दाखवले, कोणाला, कोणत्या तारखेला, नक्कल करायची नाही, दुसऱ्याला सांगायचे नाही, रेखाटने परत करायची. मोठे यंत्रवाले यावर सही करायला पुष्कळदा नकार देतात. तसे झाले तर आधी अर्ज करावा. आणि अर्ज झाल्यावरही आत काय आहे ते न दाखवता त्यावर निघालेले कापड दाखवावे. ग्राहकाला गरज कापडाची असते.

नंतर येतो मुख्य करार, आणि त्यात पहिला प्रश्न असा की, तुम्ही वस्तू विकता आहात की भाड्याने देता आहात? कायमचे हस्तांतरण केले की शोध त्यांचा झाला. परवाना दिला तर मालकी तुमची राहते आणि ते ठरलेल्या मुदतीपुरते बनवतात. छापील मसुद्यात ‘सर्व हक्क, सर्व सुधारणांसह, कायमस्वरूपी’ असे चार शब्द मधेच कुठेतरी बसवलेले असतात. त्यांची किंमत अख्ख्या कराराएवढी असते.

दर नगामागे रक्कम ठरवली, तर किती नग बनले हे कोण मोजणार? विक्रीची वही पाहण्याचा अधिकार लिहून घेतला नाही तर ते सांगतील तो आकडा. शिवाय त्यांनी एकही नग बनवला नाही तर? पुष्कळदा शोध विकत घेतात तो दाबून ठेवण्यासाठी. म्हणून वर्षाला अमुक इतकी रक्कम कमीत कमी मिळेलच, नाहीतर परवाना रद्द, असे कलम हवे. काही रक्कम आगाऊ घ्यावी. नक्कल करणाऱ्यावर दावा कोणी लावायचा, खर्च कोणाचा, हेही लिहावे. जॉन के यांचे दिवाळे याच खर्चाने काढले.

उलट बाजूने तुमच्यावर जाचक अट येऊ शकते की, काम सोडल्यावर पुन्हा कोणासाठीही या धंद्यात काम करायचे नाही. करार कायद्याचे २७ वे कलम अशी बंदी अवैध ठरवते. गुपित न फोडण्याची अट मात्र वैध असते. हा फरक जॉबर मंडळींनी नीट समजून घ्यावा. पगारी नोकरीत असताना लावलेला शोध मालकाचा की कामगाराचा, याविषयी आपला पेटंट कायदा स्पष्ट काही सांगत नाही. नेमणुकीच्या कागदात काय लिहिले आहे ते पाहिले जाते.

तंटा झालाच तर तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. तीन लाख रुपयांच्या वरचा व्यापारी दावा असेल आणि तातडीची मनाई मागायची नसेल, तर २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्याप्रमाणे आधी मध्यस्थीकडे जाणे सक्तीचे आहे. हे वाईट नाही. हारग्रीव्ह्ज यांच्यापुढे ३,००० पौंड आले होते. पेटंटच्या नकलेचा दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही. मोबाइलवरचे निरोप पुरावा म्हणून चालतात, पण २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे त्यांना प्रमाणपत्र जोडावे लागते. तेव्हा फोन बदलताना जुने निरोप पुसू नयेत.

भागीदारीबद्दल वेगळे सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे पैसा घरातूनच येतो. पेटंटवर दोन नावे असली आणि वेगळा करार नसला, तर कायद्याने दोघांचा हिस्सा समान. त्यातला प्रत्येक जण दुसऱ्याला हिशेब न देता स्वतः माल बनवू शकतो, पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय बाहेर कोणाला परवाना देऊ शकत नाही. म्हणजे ज्याच्याजवळ कारखाना आहे तो बनवत राहील, आणि ज्याच्याजवळ फक्त हुनर आहे तो हात चोळत बसेल.

हे सर्व त्या तरुणाला एका बैठकीत सांगून झाले नाही. तो चार वेळा आला. तात्पुरते विवरणपत्र एजंटमार्फत दाखल झाले आहे, तारखेची पावती त्याने मला आणून दाखवली. सुरतवाल्यांनी गोपनीयतेच्या कागदावर सही केली, पण पुढच्या मसुद्यात ‘सर्व सुधारणांसह’ हे शब्द आहेत, त्यावर बोलणे चालू आहे. एक गाठ मात्र घरची आहे. त्याच्या मामूंनी सामानासाठी ४०,००० रुपये दिले आणि आता शोधकर्ता म्हणून आपलेही नाव अर्जात घाला म्हणतात. मी सांगितले, ‘बेटा, मामूंना नफ्यात हिस्सा द्यायचा तर जरूर दे, त्यांचा हक्क आहे, पण ज्याने शोध लावला नाही त्याचे नाव शोधकर्ता म्हणून घालणे खोटे ठरेल आणि उद्या समोरचा वकील तेच धरून बसेल.’ मामू रविवारी दुकानी येणार आहेत. कागद मीच लिहायचा आहे. रक्कम, मुदत आणि हिस्सा, आकड्यांत आणि अक्षरांत दोन्ही.